जुना बँड आणि नवे गाणे : प्रसिद्धीच्या प्रश्नाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

तीस-चाळीस वर्षे रंगमंचावर काढलेल्या एखाद्या रॉक बँडने नवे गाणे सिद्ध केले, म्हणजे ते लोकांच्या कानी कसे घालावे, हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ व्यवहाराचा वाटतो. आणि व्यवहाराचा असल्यामुळे त्याचा निकाल जाहिरातीचा धंदा करणाऱ्यांनीच लावून टाकावा, कलेच्या अभ्यासकाने त्यात पडू नये, असेही पुष्कळांस वाटते. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या बाबतीत जे प्रयोग झाले आणि त्यांपैकी जे फसले, त्यांचा एकत्र विचार केला असता असे दिसते की, साधनांविषयीच्या या वादाच्या तळाशी कलावंत आणि त्याचा श्रोता यांच्या जुन्या नात्याचा प्रश्न आहे. नवख्या बँडची अडचण साधी असते. त्याला कोणी ओळखत नाही. जुन्या बँडला सारे ओळखतात, पण ओळखतात ते त्याच्या जुन्या गाण्यांवरून. त्यामुळे नवे गाणे कानी पडण्यापूर्वीच श्रोत्याच्या मनात जुने वाजू लागते, आणि भर कार्यक्रमात नव्या गाण्याची घोषणा झाली की बरीच मंडळी चहा प्यायला उठतात.

हा आढावा भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरी (मोठी) या गावी बसून लिहिला जात आहे. साकोलीहून लाखांदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या या धानाच्या मुलखाचा रॉक संगीताशी संबंध काय, असे कोणी विचारल्यास ते गैर नव्हे. विजेच्या गिटारीचा नाद येथे येतो तो बहुधा लग्नाच्या वरातीपुरता आणि पोरांच्या मोबाइलपुरता. तथापि हा झाडीपट्टीचा मुलूख आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत येथे गावोगाव रात्रभर नाटके चालतात, आणि ती करणाऱ्या मंडळ्यांपैकी कित्येक जुन्या, नावाजलेल्या असूनही त्यांना दर हंगामास नवे नाटक घेऊन त्याच प्रेक्षकांपुढे उभे राहावे लागते. जो प्रश्न मुंबईच्या वा लंडनच्या बँडपुढे दहा-पंधरा वर्षांतून एकदा येतो, तो येथून जवळच्या वडशाच्या नाट्यमंडळीपुढे दरसाल येतो. म्हणून प्रमुख पक्षांची मांडणी झाल्यावर या पुराव्याकडेही वळावयाचे आहे.

पूर्वपीठिका

जुन्या कीर्तीच्या पायावर नव्या उपक्रमाची उभारणी करण्याची रीत आपल्याकडे रॉकहून पुष्कळ आधीची आहे. संगीत नाटकांच्या काळातील सर्वांत ठळक दाखला ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’चा. खाडिलकरांचे हे नाटक तोवर दहा वर्षांचे झाले होते, त्यातील पदे रसिकांस मुखोद्गत होती, आणि बालगंधर्व व केशवराव भोसले हे दोघेही आपापल्या मंडळ्यांचे मानकरी होते. नवे होते ते इतकेच की, दोन प्रतिस्पर्धी एका रंगमंचावर उभे राहिले, आणि तेही टिळक स्वराज्य फंडासाठी. जुन्या नावांचा नवा योग जुळवून आणला असता जुनी कृतीही नव्या उत्सुकतेने पाहिली जाते, हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. नवी कृती जुन्या नावावर कितपत चालते, हा आपला प्रश्न मात्र त्याने सुटत नाही.

मुंबईतील रॉकची हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण महाराष्ट्रात या प्रश्नाचे सर्वांत पूर्ण उदाहरण तेथेच घडले. १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ नावाचा बँड उभा राहिला. उदय बेनेगल, महेश तिनईकर, मार्क सेल्विन, जयेश गांधी, झुबिन बालापोरिया ही त्यातील पुढे प्रसिद्धीस आलेली नावे. त्या काळी भारतीय बँडने परदेशी गाणी हुबेहूब वाजवून दाखवावीत, एवढीच श्रोत्यांची अपेक्षा असे. स्वतःची गाणी रचून ती कॅसेटवर आणणे हे धाडस होते, आणि ते या बँडने १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ या संग्रहाने केले. प्रसिद्धीची साधने मोजकी होती: महाविद्यालयांचे महोत्सव, धोबीतलावचे रंगभवन, १९८६ पासून भरू लागलेला ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा मेळा, आणि कॅसेटच्या दुकानातील एक फळी. १९९१ साली उपग्रहावरून एमटीव्ही घराघरांत येऊ लागला आणि गाणे ऐकण्याबरोबर पाहण्याचीही वस्तू झाली. १९९३ साली अलाहाबादेहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे नियतकालिक निघू लागले, त्यामुळे दूरदूरच्या शहरांतील श्रोत्यांस एकमेकांचा पत्ता लागला.

त्याच १९९३ साली या बँडने नऊ वर्षे कमावलेले नाव टाकून दिले आणि ‘इंडस क्रीड’ हे नाव धारण केले. गाण्यांत भारतीय वाद्ये आली, ‘प्रिटी चाइल्ड’ या गीताच्या चित्रफितीस आशियाई प्रेक्षकांच्या पसंतीचा एमटीव्हीचा पुरस्कार लाभला, आणि १९९५ साली नव्या नावाचाच संग्रह निघाला. प्रसिद्धिशास्त्राचे आजचे पंडित या कृत्यास आत्मघात म्हणतील, कारण कमावलेले नाव हेच जुन्या बँडचे मुख्य भांडवल असे ते मानतात. प्रत्यक्षात बँडच्या कीर्तीचा कळस नाव बदलल्यावरच झाला. १९९७ साली बँड विसर्जित झाला. २०१० साली तो पुन्हा जमला, ताल व बास यांसाठी पुढच्या पिढीचे वादक घेतले गेले, आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. मधल्या काळात कॅसेट नाहीशी झाली होती, रंगभवनातील मोठ्या आवाजाचे कार्यक्रम शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे बंद पडले होते, एमटीव्हीवर संगीताची जागा इतर करमणुकीने घेतली होती, आणि १९९३ सालचे विद्यार्थी संसारी गृहस्थ झाले होते. बँड तोच; पण त्याची हाक ज्या वाटांनी पोहोचत असे, त्या वाटाच मोडल्या होत्या. आजच्या वादाचा आरंभ खरे तर येथून होतो.

नावावर विश्वास ठेवणारे

पहिला पक्ष म्हणतो की, जुन्या बँडने आपल्या इतिहासाची लाज बाळगू नये. तोच दर्शनी भागी मांडावा आणि नवे गाणे त्याच्या प्रकाशात आणावे. या पक्षाचा सर्वांत सफाईदार दाखला रोलिंग स्टोन्स या १९६२ साली स्थापन झालेल्या इंग्रजी बँडचा. ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनच्या ‘हॅकनी गॅझेट’ या स्थानिक वृत्तपत्रात काच दुरुस्तीच्या एका दुकानाची छोटीशी जाहिरात आली. दुकान अस्तित्वात नव्हते. मजकुरात बँडच्या जुन्या गाण्यांची नावे सहज बोलण्याच्या ओघात पेरली होती, आणि ती ज्याला ओळखू आली त्याने ती दुसऱ्यास दाखविली. ६ सप्टेंबरला हॅकनी एम्पायर या जुन्या नाट्यगृहात मुलाखतीच्या रूपाने घोषणा झाली आणि ‘अँग्री’ हे गीत बाहेर आले. संग्रह २० ऑक्टोबरला. स्वतःच्या नव्या रचनांचा त्यांचा याआधीचा संग्रह २००५ सालचा, म्हणजे मध्ये अठरा वर्षे गेली होती.

या मोहिमेतील दोन गोष्टी जवळून पाहण्यासारख्या आहेत. पहिली ही की, जगभर ज्यांचे नाव आहे त्यांनी आरंभ एका मोहल्ल्याच्या वृत्तपत्रापासून केला. दुसरी गोष्ट ‘अँग्री’च्या चित्रफितीतील. तीत एक तरुणी उघड्या मोटारीतून लॉस एंजेलिसच्या रस्त्यावरून जाते, आणि दुतर्फा उभ्या असलेल्या प्रचंड फलकांवर बँडच्या गेल्या अनेक दशकांतील छबी जिवंत होऊन नवे गाणे गातात. ऐंशीच्या घरातील गायकाच्या ओठी आलेले गीत पडद्यावर त्याचेच तरुण मुख गाते. चित्रफीत बेमालूम आहे यात शंका नाही. परंतु या पक्षाचे बळ आणि त्याची उणीव या एकाच दृश्यात सामावलेली आहेत, असे मला वाटते. ते पाहून मनात राहतात ते फलक. गाणे त्यामागून येते.

बीटल्सच्या ‘नाउ अँड देन’ची तऱ्हा याच जातीची. २ नोव्हेंबर २०२३ रोजी आलेल्या या गीतात जॉन लेननचा सत्तरीच्या दशकातील घरगुती ध्वनिमुद्रणातला आवाज यंत्राच्या साहाय्याने पियानोपासून वेगळा काढला होता. आदल्या दिवशी त्या घडणीचा बारा मिनिटांचा माहितीपट दाखविण्यात आला, आणि तबकडीच्या दुसऱ्या बाजूस १९६२ सालचे ‘लव्ह मी डू’ ठेवले गेले. पहिले गाणे आणि शेवटचे गाणे एका तबकडीच्या दोन अंगांस ठेवल्याने श्रोत्याला आरंभ व अंत एकदमच हाती मिळाले. ब्रिटनमध्ये ते प्रथम क्रमांकावर गेले. तेथे या बँडचे याआधीचे प्रथम क्रमांकाचे गीत १९६९ सालचे होते.

मौनाचा पक्ष, आणि बळजबरीचा धडा

दुसऱ्या पक्षाच्या मते जुन्या कलावंताने काहीच सांगू नये. डेव्हिड बोवी यांनी दहा वर्षांच्या शांततेनंतर ८ जानेवारी २०१३ रोजी, आपल्या सहासष्टाव्या वाढदिवशी, कोणतीही पूर्वसूचना न देता ‘व्हेअर आर वी नाउ’ हे गीत प्रसिद्ध केले. सकाळी जाग आलेल्या वृत्तपत्रांनी जे काम आठ दिवस पैसे मोजूनही झाले नसते, ते एका दिवसात फुकट केले. गाणे संथ, वार्धक्याच्या स्वरातले होते, आणि त्यास आगाऊ गाजावाजा मानवलाही नसता; म्हणजे प्रसिद्धीची रीत गाण्याच्या प्रकृतीतून निघाली होती. या पक्षाची मर्यादा उघडच आहे. ज्याच्या मौनाची दखल घेतली जाते त्यालाच मौन परवडते, आणि इंडस क्रीडच्या इतमामाच्या बँडने असे केल्यास वृत्तपत्रांना कळण्यास महिना लागेल.

मौनाच्या दुसऱ्या टोकाला यू-टू या बँडने ९ सप्टेंबर २०१४ रोजी केलेला प्रयोग आहे. ॲपल कंपनीशी करार करून त्यांनी नवा संग्रह सुमारे ५० कोटी ग्राहकांच्या खात्यांत विनामूल्य, पण न विचारता, पाठवून दिला. लोकांचा रोष एवढा झाला की तो काढून टाकण्यासाठी कंपनीला स्वतंत्र सोय करावी लागली, आणि गायक बोनो यांनी पुढे त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. येथे दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकावयास हवे. बँडचे समर्थक म्हणतात की, त्यामुळे ज्यांनी एरवी कधीच ऐकले नसते अशा कोट्यवधींपर्यंत गाणी पोहोचली. टीकाकार म्हणतात की, पोहोचणे आणि ऐकले जाणे यांत भेद आहे. हा भेद पुढे पुन्हा येणार आहे.

मोलाचा प्रश्न

फुकट देणे आणि न विचारता देणे या भिन्न गोष्टी होत, हे गाण्याची किंमत श्रोत्यावर सोडावी वा मागूच नये असे म्हणणाऱ्या तिसऱ्या पक्षाच्या उदाहरणांवरून स्पष्ट होते. रेडिओहेड या बँडने १० ऑक्टोबर २००७ रोजी आपला संग्रह ‘श्रोत्याने वाटेल ती किंमत द्यावी’ या अटीवर उपलब्ध केला, आणि तीच वस्तू नंतर तबकडीच्या रूपात दुकानी आली तेव्हाही तिला इंग्लंड-अमेरिकेत प्रथम क्रमांक मिळाला. पण आपल्या दृष्टीने अधिक बोधक आहे ते दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’चे उदाहरण.

१९९० साली स्थापन झालेल्या या बँडचा ‘कंदिसा’ हा संग्रह २००० साली आला. त्यातील ‘मा रेवा’ हे नर्मदेचे गीत आपल्याकडच्या धरणग्रस्तांच्या चळवळीशी जोडलेले आहे. बँडचे राहुल राम हे स्वतः नर्मदा आंदोलनात काम केलेले. २५ डिसेंबर २००९ रोजी गायक व तालवादक असीम चक्रवर्ती यांचे निधन झाले. त्यांच्या आवाजातील सात गाणी तयार होती. बँडने २०१० च्या जुलैपासून ती दरमहा एक याप्रमाणे आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य दिली, आणि संग्रहास नाव दिले ‘१६/३३० खजूर रोड’, म्हणजे करोलबागेतील ज्या जुन्या घरात त्यांचा सराव चाले त्याचा पत्ता. पैशाची तजवीज प्रायोजकांकडून व कार्यक्रमांतून केली गेली.

या योजनेचे मर्म, माझ्या समजुतीप्रमाणे, फुकटेपणात नसून महिन्यात आहे. सात गाणी एकदम दिली असती तर त्यांतील दोन ऐकली गेली असती. दरमहा एक दिल्याने प्रत्येक गाण्याला स्वतःचा असा महिनाभराचा अंमल मिळाला, श्रोत्यास पुढच्याची वाट पाहावी लागली, आणि गेलेल्या मित्राचा आवाज अर्धे वर्ष लोकांत फिरत राहिला. त्यावर आक्षेपही आहे, आणि तो हलका नाही: प्रथितयश बँड आपली वस्तू फुकट देऊ लागले, तर ज्यांना प्रायोजक मिळत नाहीत अशा धाकट्या बँडांच्या गाण्यांना किंमत कोण देणार? या आक्षेपाचे समाधान अद्याप कोणी केलेले नाही.

दुसऱ्याच्या वाहनावर

आपल्या देशात गाण्याचा राजमार्ग चित्रपटातून जातो, हे मान्य करून त्याच मार्गाने जावे, असे म्हणणारा एक व्यवहारी पक्ष आहे. इंडियन ओशनचे ‘बंदे’ हे गीत ‘ब्लॅक फ्रायडे’ या चित्रपटातले. न्यायालयीन मनाईमुळे चित्रपट २००७ च्या फेब्रुवारीपर्यंत अडकून पडला, पण गाणे त्याआधीच लोकांत रुजले होते. २०१४ साली याच बँडने ‘तंदानू’ या संग्रहात प्रत्येक गाण्यासाठी एकेक पाहुणा कलावंत घेतला. शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट अशा नावांमुळे ज्या श्रोत्याने रॉकच्या वाऱ्यासही उभे राहायचे नाही अशी शपथ घेतली होती, तोही आत आला. १९२१ च्या संयुक्त प्रयोगाचीच ही नवी आवृत्ती म्हणता येईल. येथे धोका एवढाच की, गाणे गाजते आणि बँड विसरला जातो. चित्रपटगीताच्या बाबतीत तर हे नेहमीचेच आहे.

यंत्राची मर्जी

पाचव्या पक्षाबद्दल आज सर्वाधिक बोलले जाते, पण सांगण्यासारखे त्यात त्या मानाने थोडे आहे. १० जुलै २०१५ पासून जगभर नवे संगीत शुक्रवारी प्रसिद्ध करण्याचा पायंडा पडला. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी स्पॉटिफाय भारतात आले. तेथील संपादकांकडे नवे गीत विचारार्थ पाठवावयाचे तर ते किमान ७ दिवस आधी पाठवावे लागते. ३० सेकंद ऐकले गेले तरच ते एकदा वाजले असे धरले जाते. आणि २०२४ पासून मागील बारा महिन्यांत १००० वेळा न वाजलेल्या गीतास तेथे मोबदलाच मिळत नाही. जून २०२० अखेर टिकटॉकवर बंदी आल्यानंतर लगेच भारतात इन्स्टाग्रामवरील रील्स सुरू झाल्या, आणि गाण्याचा पंधरा-वीस सेकंदांचा तुकडा हे त्याचे दर्शनी रूप बनले.

या पक्षाचे म्हणणे असे की, हे नियम ऋतूंसारखे मानावेत. त्यांच्याशी भांडू नये. विरोधक निदर्शनास आणतात की, ज्या बँडांची प्रतिष्ठा मिनिटभराच्या गिटारीच्या प्रस्तावनेवर उभी आहे, त्यांनी तीस सेकंदांत शब्दांना हात घालावयाचा म्हटले तर गाणे त्यांचे राहत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मात्र जुन्या बँडचा चाळिशी-पन्नाशीतला श्रोता रील्स पाहत नाही, हा समज आता सोडून द्यावा. दिघोरीच्या पानठेल्यावर दुपारी जमणाऱ्या माणसांचे वय पाहिले तरी तो टिकत नाही.

झाडीपट्टीचा पुरावा

आता या मुलखाकडे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांतील झाडीच्या प्रदेशात दंडार, खडी गंमत यांची परंपरा जुनी, साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या संशोधकांनी येथील बोलीचा व लोककलांचा अभ्यास आयुष्यभर केला, आणि २०२३ साली येथील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर उर्वरित महाराष्ट्रासही या रंगभूमीची नव्याने जाणीव झाली. आज तिचे व्यापारी केंद्र वैनगंगेपलीकडील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे गाव आहे. तेथे नाट्यमंडळ्यांची कार्यालये आहेत. हंगामापूर्वी गावोगावची मंडळे तेथे जातात, नाटक पसंत करतात, तारीख पक्की करतात आणि बयाणा देतात.

दिघोरीसारख्या गावच्या चौकात भाऊबिजेनंतर जी भित्तिपत्रके लागतात, ती एकदा लक्षपूर्वक वाचावीत. नाटकाचे नाव ठळक, त्याखाली ‘अर्थात’ म्हणून दुसरे नाव. नटनट्यांच्या छबी ओळीने, पाहुण्या कलावंताची जरा मोठी. लेखक, संगीत, नेपथ्य. तळाशी स्थळ, तारीख, तिकिटाचे दर आणि आयोजक मंडळाचे नाव. मंडळीचे स्वतःचे नाव वर असते, पण ते अमुक एका ठशात, दरसाल जवळपास तसेच. गतवर्षी गाजलेल्या नाटकाचा उल्लेख क्वचित असला तर एका ओळीत. भोंगा लावलेली गाडी शेजारच्या गावांतून फिरते तेव्हाही पुकारा नव्या नाटकाचा होतो.

ही रीत पाहता ध्यानात येते की, वडशाची मंडळी प्रेक्षकाकडे थेट जातच नाही. ती गावाच्या मंडळाचे मन वळविते. आणि एकदा मंडळाने मक्ता घेतला, पैसा गुंतविला, की प्रसिद्धीचा भार गावावर येतो. तिकीट विकले गेले नाही तर खोट गावाला बसते. म्हणून पोरे सायकलीवरून, आता दुचाकीवरून, पत्रके वाटतात, लेकीबाळींना माहेरी बोलावणे जाते, सोयरे-पाहुणे येतात, आणि सकाळी शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, रात्री नाटक असा बेत ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली तेव्हा पटावर येणारी दिवसाची गर्दीच नाटकवाल्यांच्या हातून गेली; डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात शर्यतींस परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यासंबंधीचा कायदा ग्राह्य धरला, तेव्हा तो जुना जोड पुन्हा जुळू लागला. एका कलेची प्रसिद्धी दुसऱ्याच सोहळ्याच्या आधारे कशी चालते, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला अन्यत्र आढळले नाही.

रॉक बँडने यातून घेण्यासारखे काही असेल तर ते हेच की, ज्याच्या पदरचे काही गुंतलेले असते तोच गाणे सांगत फिरतो. इंडियन ओशनच्या श्रोत्याने महिनाभर वाट पाहिली होती. हॅकनी गॅझेटच्या वाचकाने कोडे सोडविले होते. यू-टूच्या ग्राहकाने काहीच केले नव्हते. ऐंशीच्या दशकात कॉलेजचा विद्यार्थी वर्गणी काढून रॉक मशीनला बोलावीत असे, तेव्हा त्याची स्थिती आमच्या गावच्या नाट्यमंडळाच्या चिटणिसाहून फारशी वेगळी नव्हती. त्या व्यवस्थेची जागा मोठे प्रायोजित महोत्सव घेत गेले, पुण्याचा २०१० साली सुरू झालेला एनएच-७ वीकेंडर हा त्यांतला अग्रणी, आणि बँडला चांगला ध्वनी, चांगला रंगमंच व वेळेवर मानधन मिळू लागले. श्रोता मात्र आयोजक राहिला नाही, ग्राहक झाला.

तथापि ही तुलना फार ताणू नये, आणि तिचा सर्वांत मोठा दोष मीच सांगून ठेवतो. झाडीपट्टीच्या प्रेक्षकाला नवे नाटक हवे असते. गेल्या वर्षी पाहिलेलेच पुन्हा आणले तर तो नाराज होईल. रॉकच्या श्रोत्यास जुनेच हवे असते, आणि ते न वाजविल्यास तो नाराज होतो. नाटक एकदा पाहण्याची वस्तू, गाणे शंभर वेळा ऐकण्याची; म्हणून एकाचे नावीन्य हीच त्याची जाहिरात ठरते आणि दुसऱ्याचे नावीन्य हाच त्याचा अडथळा.

अनिर्णित राहिलेले मुद्दे

सर्व पक्षांची कैफियत ऐकल्यावर काही प्रश्न उरतात, त्यांतील पहिला श्रोत्याविषयी आहे. नवे गाणे जुन्या चाहत्यांसाठी प्रसिद्ध करावे की नव्या पिढीसाठी, यावर एकमत नाही. चाहत्यांची संख्या दर वर्षी घटते हे एका बाजूचे म्हणणे. तरुणांच्या मागे धावणारा म्हातारा बँड दोघांनाही परका होतो हे दुसऱ्या बाजूचे. इंडस क्रीडने १९९३ साली नाव बदलून तरुणांचा पक्ष घेतला, पण तेव्हा ते स्वतः तरुण होते. २०१० साली नाव तेच ठेवून वादक बदलले. या दोन निर्णयांतील कोणता अनुकरणीय, याचा निवाडा झालेला नाही.

दुसरा मुद्दा मोजमापाचा. पूर्वी कॅसेटचा खप आणि सभागृहातील खुर्च्या मोजल्या की हिशेब संपे. आता गाणे किती वेळा वाजले याचे आकडे क्षणोक्षणी मिळतात, पण पार्श्वभूमीला वाजत राहिलेले गाणे आणि मन लावून ऐकलेले गाणे यांची नोंद एकाच खात्यावर पडते. यू-टूच्या प्रकरणी पुढे आलेला पोहोचण्याचा व ऐकण्याचा भेद आकड्यांच्या या जमाखर्चात अजून कोठेही दाखविला जात नाही.

तिसरा मुद्दा दिवंगतांचा आहे आणि तो दिवसेंदिवस कठीण होत जाणार. असीम चक्रवर्तींचा आवाज त्यांच्या हयातीत याच गाण्यांसाठी मुद्रित झाला होता. लेनन यांचा आवाज एका कच्च्या ध्वनिफितीतून यंत्राने उचलला गेला. रोलिंग स्टोन्सचे तरुण चेहरे संगणकाने हलविले. या तीन पायऱ्या आहेत, आणि कोणत्या पायरीनंतर प्रसिद्धी ही प्रतारणा होते, याविषयी श्रोते, वारस व कंपन्या यांची मते परस्परांहून दूर आहेत.

चौथा मुद्दा मूळचे किती वादक उरले असता जुने नाव वापरावे, हा. झाडीपट्टीत नट एका हंगामात एका मंडळीत आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या मंडळीत दिसतो. भित्तिपत्रकावर त्याची छबी छापली जाते, आणि प्रेक्षक नटासाठी आला की मंडळीसाठी, हे कोणी विचारीत नाही. रॉकच्या जगात हाच प्रश्न कोर्टापर्यंत जातो. बँडचे नाव ही सहवासातून उभी राहिलेली मालमत्ता आहे, हे सर्वांस मान्य आहे. ती मालमत्ता गायकाची, गीतकाराची, अखेरपर्यंत टिकून राहिलेल्याची की तिच्यासाठी तिकीट काढणाऱ्याची, यावर मात्र प्रत्येक बँड आपापल्या सोयीचा करारनामा करीत आला आहे.